वन बीएचकेत धुवायचे कपडे ठेवायचे कुठे? बास्केट, पिशवी की अजून काही?

पिंप्राळ्याची_सून (जळगाव)

नमस्कार मंडळी, प्रश्न काही फार मोठा नाहीये पण घरात रोज यावरून कटकट होते म्हणून विचारते. आमचा वन बीएचके आहे पिंप्राळ्याकडे, तिसरा मजला. आम्ही दोघं, मुलगा दुसरीत, आणि सासूबाई. बाथरूम 4 बाय 6 ची, संडास वेगळा, दोन्हीच्या मधे छोटा पॅसेज आणि त्याच पॅसेजमधे बेसिन आणि मशीन (टॉप लोड, साडेसहा किलोची). ड्राय बाल्कनी बिल्डरच्या ब्रोशरमधे होती, प्रत्यक्षात तिथे डक्ट निघाला, असो.

पाणी दिवसाआड येतं, कधी त्याहून उशिरा पण, म्हणून मशीन रोज लावता येत नाही आणि कपडे साचतातच. सध्या झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा आहे, लग्नात आहेर आलेला, तो बाथरूमच्या दारामागे असतो. मार्च ते जूनचा पहिला आठवडा काही त्रास नाही, आपल्याकडचं ऊन सगळ्यांना माहितीये, ओला नॅपकीन दोरीवर टाकून चहा पिऊन येईपर्यंत कडक होतो. पण पाऊस लागला की डबा उघडला की असा कुबट वास येतो की विचारू नका. मुलाच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टवर काळे बारीक ठिपके पडलेत, ते ब्लीचनी पण पूर्ण जात नाहीत.

बरं डबा बाहेर काढावा तर सासूबाई म्हणतात पारोसे कपडे देवघरासमोर नको, आणि देवघर किचनमधे, किचनचं तोंड पॅसेजकडे. म्हणजे बाहेर काढला की समोरासमोर. यांचं म्हणणं ती घडीची जाळीची बास्केट ऑनलाइन मागव, दोनशे-अडीचशेत येते. शेजारच्या काकू म्हणतात बांबूची घे, हवा खेळते. मला स्वतःला चाकांची उभी ट्रॉली आवडली, तीन कप्प्यांची, पण मशीन आणि भिंतीमधे जेमतेम 10 इंच फट आहे. तर कोणी छोट्या घरात हे व्यवस्थित जमवलं असेल तर सांगा, फोटोतलं नको, वापरातलं सांगा. बजेट दीड हजारापर्यंत, त्याच्या वर गेलं तर हे म्हणतील कपड्यांसाठी पण आता फ्लॅट घ्यायचा का.

---

वाघूरचं_पाणी (जळगाव)

ताई, बास्केट कोणती हा दुसरा प्रश्न झाला, पहिला प्रश्न म्हणजे डब्यात ओलं काय काय जातं? ते काळे ठिपके म्हणजे बुरशी. बुरशीला ओल लागते, कोंडलेली हवा लागते आणि थोडा घाम-मळ लागतो, झाकणाच्या डब्यात तिन्ही फुकट मिळतात. त्यात तुमचे कपडे दोन दोन दिवस पडून राहतात. एकदा ती सुताच्या आत गेली की पांढऱ्यातून पण पुरती निघत नाही आणि सारखं ब्लीच मारलं तर कापडच विरतं. म्हणून नवीन काहीही आणा, बांबूचं आणा नाहीतर चांदीचं आणा, ओला टॉवेल, आंघोळीनंतरचा पंचा, पावसात भिजलेली पँट हे त्यात थेट गेलं तर पुढच्या आठवड्यात तुम्ही परत इथेच प्रश्न टाकणार.

बाथरूममधे किंवा पॅसेजमधे आडवी एक दांडी नाहीतर दोरी पाहिजे. ओलं आधी त्याच्यावर, वाळलं की मग धुण्यात. आमच्याकडे हा नियम आहे आणि तो फक्त बापाला लागू होत नाही, कारण बाप म्हणजे मी.

आता साइज. बहुतेक लोक इथेच जास्तीचं घेतात. माणशी दिवसाला पाऊण ते एक किलो कपडे धरा (जीन्स एकटीच पाऊण किलोच्या आसपास जाते, मोठा टॉवेल अर्धा किलो, शर्ट दोन-अडीचशे ग्रॅम). चार माणसं, दोन दिवस, म्हणजे सहा ते आठ किलो, म्हणजे तुमच्या मशीनचा एक गच्च घाणा किंवा त्याहून थोडं वर. 50-60 लिटरची बास्केट भरली की साधारण एवढंच होतं. तुमचा आहेराचा डबा मोठा आहे म्हणताय तर तो 80-90 लिटरचा असेल, आणि मोठा डबा असला की माणूस तो भरेपर्यंत थांबतो, पाणी आलं तरी थांबतो, तळाचे कपडे चार दिवस तसेच. उलट छोटं भांडं भरलं की दिसतं, मग मशीन लावली जाते. मी तर म्हणेन एक मोठं घेण्यापेक्षा 30-35 लिटरच्या दोन पिशव्या, एक पांढऱ्या-फिक्या कपड्यांची आणि एक रंगीत. वेगळे करायचा वेगळा वेळ पण वाचतो.

ट्रॉलीचं म्हणाल तर 10 इंच फट कागदावर 10 आहे. स्पिनला मशीन हलते, तिच्या बाजूला दोनेक इंच मोकळे पाहिजेत, मागचा पाइप थोडा बाहेर येतो, उरले सात-आठ. एवढ्या रुंदीत जी ट्रॉली मिळते तिच्यात पावडरचे डबे राहतात, कपडे नाही.

---

चाळीसगाव_जंक्शन

आमच्या घरी बास्केट नाही, बेडरूममधली खुर्ची आहे. सिस्टीम पंधरा वर्षं चालू आहे, अजून एकदाही सर्व्हिसिंग लागली नाही.

---

पिंप्राळ्याची_सून

@चाळीसगाव_जंक्शन ती खुर्ची आमच्याकडे पण आहे भाऊ, तिच्यावरचे न धुतलेले न मळलेले कपडे हा वेगळा धागा काढावा लागेल 😄

@वाघूरचं_पाणी किलोचा हिशोब कोणी कधी सांगितलाच नव्हता, खरंच डबा 90 लिटरचा निघाला, खाली लिहिलेलं होतं. दोन पिशव्यांचं पटतंय. पण लटकवू कुठे? बाथरूमचं दार पीव्हीसीचं आहे.

---

केळीच्या_बागेतून (रावेर)

ताई तुमच्या घरातलं कोणी शेतात जातं का ते नाही लिहिलं. जात असेल तर आधी ते वेगळं करा, बाकी बास्केटचं नंतर बघू.

केळीचा चीक ज्या कपड्याला लागला तो कपडा कामाचाच झाला म्हणून समजायचं. लागतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो, काहीच वाटत नाही, मग हवेत काळा-तपकिरी पडत जातो आणि धुतल्यावर तर अजूनच पक्का दिसतो. घड कापणारे, केळी वाहणारे, सगळ्यांचे शर्ट बघा आमच्याकडे, छातीवर नकाशा. चीक ओला असताना कपडा बाकीच्यांना लागला तर तिथे पण डाग बसतो, म्हणून बागेतले कपडे घरच्या कपड्यांच्या पिशवीत कधीच जात नाहीत. मागच्या दाराला एक घमेलं आहे, त्यातच.

आणि फवारणीचे कपडे तर घरात आणायचेच नाहीत. कपाशीवर, केळीवर कशावर पण मारलं असो. बाहेर वेगळी बादली, तिला झाकण, लहान पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी, आणि त्याच दिवशी हातमोजे घालून वेगळे धुवायचे, भरपूर पाण्याने, मग कडक उन्हात वाळवायचे. मशीन वापरली तर नंतर एकदा रिकामी फिरवायची. 2017 ला यवतमाळकडे फवारणीत विषबाधा होऊन किती शेतकरी-मजूर गेले ते सगळ्यांनी पेपरात वाचलंय, तरी आपल्याकडे अजून फवाऱ्याचा शर्ट पोराच्या गणवेशावर टाकून देतात. अंगातला शर्ट म्हणजे फक्त मळका असं समजतात लोक, त्याच्यात औषध मुरलेलं असतं भो.

---

पिंप्राळ्याची_सून

@केळीच्या_बागेतून दीर यावलला असतात, हे रविवारी जातात बागेवर. शर्टाचा तो नकाशा आत्ता कळला कशाचा आहे! मी साबणाला शिव्या देत होते.

---

तळोद्याचा_पाव्हणा (नंदुरबार)

बांबूच्या टोपलीबद्दल कोणीतरी नीट लिहायला पाहिजे म्हणून लिहितो, आमच्याकडे आठवडे बाजारात सातपुड्यातून येतात, टोपल्या, सुपं, डालकी सगळं. काकू बरोबर बोलल्या, हवा खेळते, कपड्यांना वास धरत नाही. पण तीन गोष्टी बघून घ्या.

बांबूत साखर-स्टार्च असतो आणि भुंग्याला तोच पाहिजे असतो. काही महिन्यांनी टोपलीच्या खाली पिवळट पूड पडायला लागली आणि कांबीला टाचणीएवढी भोकं दिसली की समजायचं लागला. म्हणून जुनी माणसं बांबू पावसाळ्यानंतर, थंडीच्या दिवसात तोडतात आणि काही दिवस पाण्यात बुडवून ठेवतात, स्टार्च पाण्यात निघून जातो. विकणाऱ्याला विचारायला लाजू नका, बांबू कधीचा आहे, पाण्यात ठेवला होता का. बुरूड असेल तर तो बरोबर सांगेल, रस्त्यावर आणून विकणारा असेल तर तो सगळ्यालाच हो म्हणेल. हिरवट ओली टोपली स्वस्त मिळते ती घेऊ नका, सुकताना आकसते आणि तिलाच बुरशी येते.

दुसरं, आतून हात फिरवून बघा. कूस निघालेली असली की साडीचा धागा ओढला जातो, ओढणीचं तर वाटोळं. आत सुती अस्तर शिवून घ्या, काठाला नाड्यांनी बांधायचं, म्हणजे काढून धुता येतं. तिसरं, बाथरूमच्या आत नाही ठेवायची, बाहेर आणि खाली दोन विटा किंवा लाकडी पाट.

अजून एक, हे जळगावच्या ताईंना लागू नाही पण नंदुरबारकडचं कोणी वाचत असेल तर. मिरचीच्या पथारीवर (मिरची वाळवायच्या मैदानावर) काम करणाऱ्या बाया आमच्या शेजारी आहेत, त्यांचे कपडे आधी अंगणात झटकायचे, मग घरात घ्यायचे. न झटकता टोपलीत टाकले की जो दुसऱ्या दिवशी टोपली उपसेल त्याला शिंका, डोळ्यात पाणी, आणि धुताना हात दिवसभर जळतात. लहान बाळाचे कपडे त्याच टोपलीत असले तर काय होईल ते सांगायला नको.

---

सुताराचा_मुलगा (अमळनेर)

ताई पीव्हीसीच्या दाराला काही लटकवू नका. ते आतून पोकळ असतं, चार-पाच किलो वजन रोज लागलं की बिजागरीचे स्क्रू ढिले होतात, दार खाली बसतं आणि फरशीला घासायला लागतं, मग लोक म्हणतात दार फुगलं. दारावर अडकवायचे ते स्टीलचे हुक मिळतात ना, ते बेडरूमच्या लाकडी फ्लश डोअरला चालतात, तिथे पण आधी दाराच्या वर चौकटीत फट आहे का बघा, नाहीतर हुकची पट्टी आड येते आणि दार लागतच नाही.

भिंत चांगली. पण नवीन बिल्डिंगमधे आतल्या भिंती बऱ्याचदा त्या हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या असतात, त्यात साधी प्लास्टिकची गिट्टी धरत नाही, महिन्याभरात हुकासकट प्लास्टर खाली. ब्लॉकसाठी वेगळा लांब प्लग येतो, हार्डवेअरवाल्याला 'ब्लॉकच्या भिंतीसाठी' असं सांगून मागा. आणि एकाच हुकवर सगळं नको, लाकडाची पट्टी घ्या, दोन फुटाची, तिला चार ठिकाणी स्क्रू आणि पट्टीला हुक, वजन वाटलं जातं.

बजेट वाढलं कधी तर मशीनच्या वर काम करता येतं. पण टॉप लोड आहे तुमचं, झाकण पूर्ण उघडून मग वरची उंची मोजा, लोक बंद झाकणाची उंची मोजून येतात माझ्याकडे. वरचं कपाट धुतलेल्या कपड्यांसाठी, पावडरसाठी. मळक्यांसाठी कपाट करायचंच असलं तर बीडब्ल्यूपी ग्रेडचा (पाण्याला टिकणारा) प्लाय, ज्याला लोक मरीन म्हणतात, आणि दाराला झडपेच्या पट्ट्या किंवा जाळी, म्हणजे हवा राहील. पार्टिकल बोर्डचं रेडिमेड कपाट बाथरूमच्या शेजारी ठेवू नका, कडेला पाणी लागलं की भुसा फुगतो. खाली 4 इंच पाय सोडा, पोछा फिरला पाहिजे.

---

देवपूरची_आजी (धुळे)

मी मोबाइलवर नातवाकडून टाइप करून घेतेय, चुका त्याच्या.

पोरी, आमची माय सांगे, "वल्लं फडकं डब्बामा कोंडी ठेवू नको, वास मारस." धाब्याच्या घरात राहिलो आम्ही, बास्केट कुठली, मोरीच्या बाजूला वलणी, आणि मळकं बोचकं खुंटीला. खाली जमिनीवर कपड्याचा ढीग ठेवायचाच नाही, विंचवाची भीती. आता तिसऱ्या मजल्यावर विंचू येणार नाही पण पाल, झुरळ येतंच की.

तर बोचकंच शीव. जुनी सुती चादर घे, डबल बेडची असली तर दोन पिशव्या होतात. रुंदी कपड्याच्या लाकडी हँगरएवढी, लांबी दोन-सव्वादोन फूट, त्याच्यापेक्षा लांब नको, हात तळाला पोचला पाहिजे. तोंडाला नेफा कर आणि नेफ्यात हँगर घाल, पुढच्या बाजूला मधोमध एक उभी चीर ठेव आणि तिच्या कडा दुमडून शीव, म्हणजे पिशवी हँगरला लटकते आणि चिरेतून कपडे टाकता येतात, तोंड धरून उभं राहायला नको. तळाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लाव, खालून हवा जाते आणि मोजे-रुमालातली माती पण तिथूनच गळते. तळाची शिवण डबल मार, वजन तिथेच येतं. हँगर मात्र जाड लाकडी, तारेचा घेतला तर वाकतो.

पाणी आलं की हँगर काढायचा, कपडे मशीनमधे आणि रिकामी पिशवी पण त्यातच. पिशवी धुतली गेली, वासाचा प्रश्न मिटला. प्लास्टिकचा डबा कोण धुतं ग दर दोन दिवसाला?

आणि सासूबाईंची पिशवी वेगळी शीव, छोटी, त्यांच्या आवडीच्या साडीच्या काठाची. त्यांचे कपडे तुमच्यात मिसळतात हेच त्यांना खटकत असेल, देवघराचं नाव पुढे करतात. मी पण सासू आहे, मला माहिती आहे.

---

पिंप्राळ्याची_सून

आजी 🙏🙏 हे वाचून दाखवलं सासूबाईंना, आधी गप्प बसल्या, मग कपाटातून एक जुनी इरकल काढून आणली आणि म्हणाल्या काठ अजून चांगलाय.

---

भुसावळ_क्वार्टर

सगळ्यांनी बास्केटवर लिहिलं, पण वास मशीनचा पण असू शकतो हे कोणी विचारलंच नाही. टॉप लोड मशीनच्या आत बाजूला जाळीची छोटी पिशवी किंवा डबी असते, तिच्यात लिंट (कपड्यांचे सुटलेले बारीक तंतू) जमा होतं, ते किती दिवसांनी काढता? ओलं लिंट आत सडतं. धुणं झाल्यावर झाकण लगेच बंद करू नका, तास-दोन तास उघडं ठेवा (लहान पोरगं घरात असेल तर लक्ष ठेवून, आणि मशीनला टेकून स्टूल ठेवू नका). महिन्यातून एकदा टब क्लीन मोड, तो नसला तर गरम पाण्याने रिकामी फिरवायची.

आणि धुवून झालेले कपडे मशीनमधे रात्रभर ठेवणं हे तर वासाचं माहेरघर. इथे रेल्वेत शिफ्ट ड्युटी, रात्री लावून झोपायचं आणि सकाळी काढायचं असं अर्ध्या क्वार्टर्समधे चालतं, मग सगळे पावडर बदलत बसतात.

बोअरचं पाणी मिसळता का? जड पाण्यात फेस कमी येतो म्हणून बाया पावडर डबल टाकतात, ती नीट निघत नाही, कपड्यात राहते, कपडा चिकट होतो आणि मळ अजून धरतो. टॉवेल पत्र्यासारखा कडक होतो तो पण जड पाण्यानेच. नळाचं आणि बोअरचं दोन्ही येत असेल तर धुण्याला नळाचं वापरा, बोअरचं फ्लशला.

घडीच्या जाळीच्या बास्केटबद्दल, स्वस्त आहे, हवा चांगली, पण तारेची कडी असते ती शिवणीतून बाहेर येते आणि मग टोचते. भाड्याच्या घरात, बदलीवाल्यांना ठीक. आम्ही तीच वापरतो कारण ट्रान्सफर आली की घडी करून गादीखाली.

---

वाघूरचं_पाणी

भुसावळच्या भावाशी सहमत, फक्त एक. त्यांनी प्लास्टिकबद्दल नाही लिहिलं. जाळीची प्लास्टिक बास्केट घ्यायचीच असली तर बाल्कनीत ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं, वर्षा-दोन वर्षांत कडेला हात लावला की तुकडा हातात. वास घेऊन बघा, नवीन बास्केटला जळकट उग्र वास येत असेल तर ते बहुतेक रिसायकल केलेल्या मालाचं असतं, ते अजून लवकर तडकतं. इथे एमआयडीसीत चटयांचे एवढे कारखाने आहेत, त्या लाइनमधला कोणी ओळखीचा असेल तर हातात घेऊन सांगतो माल कसा आहे.

---

बिनइस्त्रीवाली (शहादा)

माझं वेगळं मत. धुवायचे कपडे हा प्रॉब्लेमच नाही, ते मशीनमधे जाऊन संपतात. वाळलेले कपडे हा प्रॉब्लेम. दोरीवरून काढले की दिवाणावर, दिवाणावर पाहुणे आले की बेडवर, बेडवर झोपायचं असलं की परत दिवाणावर, असे ते आठवडाभर घरभर फिरतात आणि शेवटी परत मळतात. आमच्या घरात मळक्यांची जागा अर्धी केली आणि वाळलेल्यांसाठी माणशी एक उघडा क्रेट ठेवला, भाजीवाल्यांकडे असतो तसला, उन्हात चांगला वाळवून. ज्याचा क्रेट त्याने घडी करायची. नवऱ्याचा क्रेट तीन आठवडे भरलेला होता, मी हात लावला नाही, त्याने इस्त्रीवाल्याला देऊन टाकला सगळा. चालेल, दिवाण मोकळा झाला ना.

इस्त्रीची पिशवी पण वेगळीच ठेवा, नाहीतर धुतलेल्यात मळके आणि मळक्यात धुतलेले असं होऊन जातं.

---

चाळीसगाव_जंक्शन

@बिनइस्त्रीवाली हा धागा मी बायकोला दाखवणार नव्हतो, आता तर नाहीच.

---

पिंप्राळ्याची_सून

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. तर ठरलेलं असं: आजींनी सांगितल्या तशा दोन पिशव्या आणि सासूबाईंची एक इरकलच्या काठाची, पॅसेजच्या आतल्या भिंतीला लाकडी पट्टीवर, म्हणजे किचनमधून दिसणार नाही. ओल्या टॉवेलसाठी बाथरूममधे दांडी. यांचे बागेचे कपडे खाली पार्किंगमधे नळाजवळ घमेल्यात (सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारावं लागेल, तो वेगळा अध्याय). आहेराचा डबा गव्हाला लावला, म्हणजे घासून पुसून चार दिवस उन्हात ठेवून मग. लिंटची जाळी उघडली आत्ता, त्यात काय निघालं ते इथे लिहीत नाही.

सुतारदादा, एकच शेवटचं. आमची पॅसेजची भिंत विटेची आहे की ब्लॉकची ते ड्रिल मारायच्या आधी कसं ओळखायचं? बिल्डर फोन उचलत नाही.

---

सुताराचा_मुलगा (अमळनेर)

आधी बोटाच्या गाठीने ठोकून बघा, ब्लॉक थोडा पोकळ, मऊ आवाज देतो, वीट भरीव. पण प्लास्टर जाड असलं तर फसायला होतं. म्हणून पट्टीच्या मागे झाकलं जाईल अशा जागी बारीक बिटने एक भोक पाडा आणि पूड बघा. लाल पूड म्हणजे वीट, पांढुरकी मऊ पिठासारखी म्हणजे ब्लॉक, आणि करडी येऊन बिट पुढेच जात नसेल तर काँक्रीटचा कॉलम लागला, तिथून सरका. मशीनचा नळ ज्या भिंतीत आहे तीच भिंत असेल तर नळाच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नका, पाइप बहुतेक तिथूनच गेलेला असतो, आणि बेसिनच्या बाजूला प्लगचं बटण असेल तर त्याच्या वरच्या रेषेत वायर. एक फूट बाजूला घ्या आणि सुरू करा, स्क्रू दोन इंची आणा.